वायर ओढली की उठायचं

आमचं भांड्यांचं दुकान कारंज्यात आहे. पुढे दुकान, मागे घर, मधे एक दार. डबे, हंडे, समया सगळं ठेवतो, पण गिऱ्हाईक येतं ते मुख्य नाव टाकून घ्यायला. लग्नात द्यायच्या भांड्यावर कोणाकडून कोणाला, हे कोरून द्यावं लागतं. त्याची विजेवर चालणारी मशीन असते, पेनासारखी हातात धरायची. तिची सुई स्टीलवर टेकली की असा कर्र आवाज निघतो की ऐकणाऱ्याचे दात शिरशिरतात. तो आवाज ऐकून माझे कान अर्धे गेले. उरलेले अर्धे वाचवायला मी हेडफोन लावायला लागलो. कानात एखादं प्रवचन लावायचं, मान खाली घालायची आणि लोकांची नावं कोरत बसायचं.

आमच्या घरात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. आम्ही जैन, आणि हा नेम माझ्या आजोबांच्याही आधीचा. मावळायच्या आत जेवून उठायचं. राहिलं तर राहिलं, दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत उपाशी. मी जन्मात हा नेम मोडला नाही, पण त्यात माझं कर्तृत्व काडीचं नाही. तो सांभाळला माझ्या बायकोनं. ती स्वयंपाकघरातून हाका मारायची, मला ऐकू जायचं नाही. एकदा तर तिनं चमचा फेकून मारला होता. मग तिला वायर सापडली.

हेडफोनची वायर मी मानेमागून, सदऱ्याच्या आतून घ्यायचो. पुढे असली तर मशीनच्या आड येते. बायको मधल्या दारातून यायची आणि मानेमागची वायर ओढायची. दोन्ही बोंडं कानातून निघून पाठीवर पडायची आणि प्रवचनाच्या जागी तिचा आवाज यायचा.

"उठा. दिवस मावळून राह्यला."

"अवं, गाय आहो काय मी? दोरी ओढून राह्यली!"

"गाय बरी. ते हाक मारली तं येते."

रोजचं भांडण. मी कुरकुरत उठायचो, हात धुवायचो, ताटावर बसायचो. तिला वेळ कशी कळायची, तर आमच्या दुकानाला तीन पायऱ्या आहेत. समोरच्या माडीची सावली संध्याकाळी एकेक पायरी चढत येते. दुसऱ्या पायरीला लागली की ती ताट वाढायची. घड्याळ तिनं कधी पाहिलं नाही.

पुण्याला नातू झाला. मुलगा, सून दोघंही नोकरीवाले. बाळाला पाहायला कोणीतरी पाहिजे, म्हणून ती दोन महिन्यांसाठी गेली. दोन महिन्यांसाठी, असं माझ्यासमोर, याच दुकानात बोलणं झालं होतं. नातू आता दीड वर्षाचा आहे.

इथेच सांगून टाकतो. मला ती परत यायला हवी होती, आणि मला ते तोंडानं म्हणायचं नव्हतं. तिला आपणहून वाटलं पाहिजे होतं. मी बोलावलं म्हणून आली, असं नको होतं. याला ताठा म्हणतात, मला माहीत आहे. सांगायला कोणी येऊ नका.

तिला न्यायला आला तेव्हा मुलानं मला नवा फोन दिला. त्याला हेडफोनचं भोकच नव्हतं. मी चारी बाजूंनी फिरवून पाहिलं.

"बाबा, वायरचा जमाना गेला आता," असं म्हणून त्यानं एक गुळगुळीत डबी हातावर ठेवली. आत दोन पांढरे बड्स, चिंचोक्याएवढे.

जमाना गेला म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पितळेचा जमाना गेला असं माझ्या वडिलांना सांगणाऱ्यांची पोरं आज पितळ शोधत माझ्याच पायऱ्या चढतात. पण खोटं कशाला बोलू, आवाज गोड होता. कानात घट्ट बसायचे, मशीनची कर्रकर्र पार गायब. फक्त मानेमागे काही लोंबत नव्हतं. पहिले काही दिवस माझा हात आपसूक तिथे जायचा.

तिनं जाताना सांगितलं होतं, "आता ओढायले मी नाही. मी रोज फोन करीन, फोन आला का उठजा." स्वयंपाकाच्या बाई दुपारी येऊन पोळी-भाजी करून झाकून ठेवायच्या. माझं काम फक्त उठायचं.

संध्याकाळी पहिल्यांदा फोन आला तेव्हा मी एका डब्यावर नवरीच्या मामाचं नाव कोरत होतो. मशीन बंद केली. "जय जिनेंद्र. उठा, दिवस मावळून राह्यला." मी वर पाहिलं. पायऱ्यांवर सावलीच नव्हती, कारण ऊनच नव्हतं. समोरच्या दुकानात दिवा लागला होता. सूर्य केव्हाच गेला होता.

पुणं आमच्या पश्चिमेला. तिथे सूर्य दहा-पंधरा मिनिटं उशिरा मावळतो. ती तिथे आठव्या मजल्याच्या गॅलरीत उभी, समोर चांगला लाल गोळा दिसत असणार. स्वतःचं ताट घ्यायच्या आधी ती मला फोन करत होती. शाळेतल्या पोराला कळेल अशी गोष्ट, पण तिच्या डोक्यात आली नाही. आणि मी काय म्हणालो? "हाव, बसतोच आहो." फोन ठेवला, आत गेलो, झाकलेल्या ताटाकडे पाहिलं, पाणी प्यायलो आणि आडवा झालो.

सांगितलं का नाही? एका वाक्याचं काम होतं. पण मला चीड आली होती. इतकी वर्षं जिला आमच्या पायरीवरची सावली पाठ होती, ती गाव सोडताच विसरते? मी का आठवण करून देऊ? तिला आठवलं पाहिजे.

तिला आठवलं नाही. फोन रोज येत राहिला, रोज पुण्याच्या सूर्याप्रमाणे. काही दिवस मी आपलाच लवकर उठून जेवायचो. पण बरेच दिवस नाही. काम असायचं हे खरं, पण घड्याळ भिंतीवर होतं, सावली डोळ्यांसमोर होती. मला दिसायचं आणि मी उठायचो नाही. कोणीतरी उठवावं, एवढंच वाटायचं. म्हातारपणी असलं वाटतं याची लाज वाटते, पण वाटायचं. शिळं आम्ही खात नाही, म्हणून सकाळी ते ताट गल्लीतल्या गाईला घालायचो. पुढे पुढे ती गाय शटर उघडायच्या आधीच येऊन उभी राहायला लागली. मायबाई, तिचा नेम माझ्यापेक्षा पक्का.

तिकडे बायको खूश. "किती साफ येते जी आवाज! बाजूले बसल्यावानी." मुलानं तिला सांगितलं होतं की हे बड्स आजूबाजूचा सगळा गलबला गाळून टाकतात, फक्त बोलणाऱ्याचा आवाज पुढे पाठवतात. त्यामुळे तिला गल्ली ऐकू जात नव्हती, हॉर्न नाही, शटर नाही, काही नाही. माझं "बसतोच आहो" मात्र स्वच्छ पोचायचं.

मग माझा डावा बड हरवला. लग्नाची गर्दी होती, मान खाली होती, कानातून निसटून कुठल्यातरी भांड्यात पडला. सगळे डबे उपडे केले, हंड्यात हात घालून पाहिला. कुठल्या नवरीबरोबर माझा डावा कान सासरी गेला, देव जाणे. एका कानात बड आणि एका कानात मशीन, असं काम होईना.

गल्ल्याच्या खणात जुने वायरचे हेडफोन होते. बसस्टँडजवळच्या मोबाईलवाल्यानं ते नव्या फोनला जोडायला एक शेपूट दिलं, एका टोकाला भोक, दुसरं टोक चार्जरच्या जागी जाणारं. घरी येऊन लावलं, ढिम्म. परत गेलो, जरा आवाजही चढवला. तो शांत माणूस.

"काका, जुन्या फोनमंधून आवाजच भाईर निघत व्हता, वायरीनं सरळ कानात. आता हा फोन नुसते आकडे सोडते. त्या आकड्याचा आवाज करणारी चिप या शेपटात पाह्यजे. मी तुमाले चुकून बिनचिपचं देल्लं."

त्यानं दुसरं दिलं, ते चाललं. मी घरी येईपर्यंत त्याचं बोलणं घोळवत होतो. आमचंही तेच चाललं होतं की. जेवले का, जेवलो. बरं आहे ना, बरं आहे. एवढंच इकडून तिकडे जात होतं, आणि त्यातून माणूस काढायचं काम ज्याचं त्याच्यावर.

त्या संध्याकाळी मी वायर पुन्हा मानेमागून घेतली. किती दिवसांनी मानेला तो स्पर्श झाला. नाव कोरत बसलो, फोन आला. नेहमीसारखाच उशिरा.

"उठा, दिवस मावळून राह्यला."

"हाव, बसतोच आहो."

"आज असा काहून येते आवाज? विहिरीतून बोलल्यावानी?" वायरीचा माईक मानेमागे लोंबत होता, माझा आवाज कमी आणि गल्ली जास्त अशी तिकडे जात होती. "वायरचे लावले आज," मी म्हणालो. आणि तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या मंदिरात घंटा सुरू झाली.

तिनं विचारलं, "आरती होऊन राह्यली काय?"

"नाही, कोणाचा तरी मोबाईल वाजून राह्यला."

"अवो, आपल्या मंदिरातली घंटा मले समजत नाही काय? लग्न होऊन आली तवापासून आयकतो मी ते. आरती तं दिवस मावळल्यावर होते."

घंटा वाजत होती. तिकडे तिचा हिशेब लागत होता, मला कळत होतं.

"म्हंजे... म्या फोन करो तवा रोजच मावळेल राहे? आन् तुमी 'बसतोच' म्हणत? उपाशी झोपत व्हते तुमी?"

"रोज नाही."

"सांगतलं काहून नाही?"

आता मात्र माझा पारा चढला. "तू दोन महिने म्हणून गेली व्हती. म्या तुले आठवण देल्ली काय? तं मंग सूर्याची काहून देऊ?"

ती अगदी हळू म्हणाली, "तुमी एकदा तरी ये म्हणाले काय? मी रोज वाट पाहो, आज म्हणतीन, आज म्हणतीन. तुमी आपले 'बरं आहे'. मले वाटलं, याहीले काहीच अडत नाही माह्याबिगर." आणि तिनं फोन ठेवला.

त्या दिवशीही मी उपाशीच होतो, पण भुकेचं काही वाटलं नाही. अरे, दीड वर्ष! दोघंही दोन टोकांना बसून एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होतो. मी स्वतःला गाढवापासून सुरू करून बऱ्याच शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मशीन लावलीच नाही. वायर घालून पायऱ्यांकडे पाहत बसलो. सावली पहिली पायरी चढली. फोन वाजला.

"सावली कुठी आली?" जय जिनेंद्र नाही, काही नाही.

"दुसऱ्या पायरीले लागली."

"वायर लावली?"

"लावली."

"मंग ओढा."

"म्याच?"

"मंग कोण ओढीन? मी अठी आठव्या मजल्यावर. ओढा, दिवस मावळून राह्यला."

मी हात मानेमागे नेला आणि ओढली. दोन्ही बोंडं निघाली, पाठीवर पडली. कानात एकदम गल्ली शिरली, सायकलची घंटी, शेजारच्या गिरणीचा पट्टा. तिचा आवाज गेला. आणि तेव्हा, रिकाम्या दुकानात, समोरच्या डब्यांकडे पाहत मी म्हणालो, "तू ये आता घरी. मले नाही करमत तुयाबिगर."

माईक माझ्या पाठीवर होता. तिनं ऐकलं. कारण बोंडांतून बारीक आवाज यायला लागला. ती काहीतरी सांगत होती, आणि बराच वेळ सांगत होती. हात मागे नेऊन बोंड कानात घालायला काय लागतं? पण नाही म्हणत असेल तर? बाळ लहान आहे, सुनेची नोकरी आहे, पाहू पुढे, असं म्हणत असेल तर? माझा हात उचललाच गेला नाही. आवाज थांबला तेव्हा मी बोंड कानात घातलं.

"आयकलं ना?" ती म्हणाली. तिचं नाक चोंदलेलं होतं.

"हाव," मी म्हणालो.

"मंग जेवा आता."

मी आत गेलो, ताटावरचं झाकण काढलं आणि उजेडात जेवलो. गाईला दुसऱ्या दिवशी ताजी पोळी दिली, तिचा काय दोष.

याला आता महिना होत आला. फोन रोज आमच्या सूर्याप्रमाणे येतो. आधी सावली कुठवर आली ते विचारते, मग वायर ओढायला लावते. त्या दिवशी ती काय म्हणाली ते मी विचारलेलं नाही, आणि तिला वाटतं मी ऐकलं आहे. पुण्याहून येणारी गाडी सकाळी स्टँडवर लागते. हल्ली मी त्या गाडीच्या आधीच दुकान उघडतो, आणि गाडी येऊन जाईपर्यंत कानात काही घालत नाही.