नव्या सरांविरुद्धचा अर्ज

त्या हिवाळ्यात आम्ही एकही सामना जिंकलो नाही. नागभीडजवळच्या एका कॉलेजात मी शेवटच्या वर्षाला होतो. फुटबॉल टीमचा गोलकीपर आणि कॅप्टन. जुने सर रिटायर झाले आणि नागपूरहून नवे सर आले. तिशीचे, उजव्या गुडघ्यावर ऑपरेशनचा लांब व्रण. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, बॉल उंच मारायचा नाही. गोलकीपरनंसुद्धा जवळच्या बॅकला पास द्यायचा.

आम्ही धान कापलेल्या बांध्यांत, रिकाम्या शेतांत, खेळून शिकलेली पोरं. बॉल लांब भिरकावायचा आणि मागे धावायचं, एवढंच येत होतं. पहिल्या सामन्यात पाच गोल खाल्ले, दुसऱ्यात सात. जाळीतून बॉल काढताना मला प्रेक्षकांकडे बघवत नसे. पुढे मैदानामागच्या रस्त्यावर वाघ दिसला, खेड्यांवरची पोरं चारलाच घरी निघू लागली. सराव अर्ध्या तासावर आला. सर मात्र तेच सांगत राहिले.

शेवटी मी प्राचार्यांना अर्ज लिहिला : हे सर नकोत. माझी सोडून नऊ सह्या झाल्या. माझ्यासमोर डावीकडे खेळणारा बॅक, जंगलातल्या गोंड कुटुंबातला अबोल मुलगा, त्यानं सही केली नाही. सरांचं बरोबर आहे, शिकायला वेळ लागेल, एवढंच म्हणाला.

प्राचार्यांनी सगळ्यांना बोलावलं, सरांसमोर अर्ज टेबलावर ठेवला आणि विचारलं, कोणी लिहिला? मी टेबलाकडे बघत राहिलो. तेव्हा मागून तो बॅक म्हणाला, "मीनं लिवलो, सर."

त्याला टीममधून काढलं. बाहेर व्हरांड्यात मी विचारलं, असं काऊन केलं?

"मी तं पुढच्या हप्त्यात तेलंगणात मिरची तोडाले चाललोच हावो," तो म्हणाला. "तुले काढलं असतं तं टीमच बंद झाली असती."

मी परत आत जायला हवं होतं. दार उघडंच होतं. गेलो नाही.

शेवटचा सामना गोंडपिपरीला. आम्ही दहाच जण. हाफटाइमला एका गोलानं मागे होतो, म्हणजे त्या वर्षातला आमचा सगळ्यात चांगला खेळ. मग बॉल माझ्या पायाशी आला आणि सवयीनं मी डावीकडे पास दिला. तिथे तो उभा असायचा. तिथे कोणी नव्हतं. समोरच्या टीमच्या फॉरवर्डनं बॉल गाठला आणि गोल केला. त्यानंतर आणखी दोन झाले.

परतताना बसमध्ये सर माझ्याशेजारी येऊन बसले.

"हजेरीचा कागद दर शनिवारी तूच लिहून देत होतास," ते म्हणाले. "अर्जावरचं अक्षर ओळखलं होतं मी."

"मंग तुम्ही बोलले काऊन नाई, सर?"

"वाटलं, तू बोलशील. मीही बोलायला हवं होतं."

उन्हाळ्यात ते नोकरी सोडून गेले. पुढच्या वर्षी कॉलेजात टीम झालीच नाही. माझा बॅक परीक्षेलाही आला नव्हता, म्हणून त्याच उन्हाळ्यात पेपर संपल्यावर मी त्याच्या गावाला गेलो. अंगणात त्याची आई मोहफुलं वाळत घालत होती. पोरगा अजून तिकडेच आहे, म्हणाली. मला पाणी दिलं आणि विचारलं, काही काम होतं का.

मी नाही म्हणालो.