सुयोग सरांच्या सत्तावीस पायऱ्या

सुयोग सरांबद्दल कल्पिताचं मत एका शब्दात सांगता येईल, पण तो शब्द वेसाव्याच्या मासळीबाजारातला आहे, छापता यायचा नाही.

ती अंधेरीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबची असिस्टंट होती, वर्षाच्या करारावर. सर विभागप्रमुख. आकडेवारीसाठीची एक प्रोग्रामिंग भाषा शिकायला चाळीस पोरं यायची. भाषा सोपी, पण तिची पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला आयता कोड, मशीनवर चढवताना घाम फुटायचा. सोर्समधून, म्हणजे मूळ कोडपासून, पॅकेज बांधायच्या सत्तावीस पायऱ्या सरांनी फळ्यावर लिहिल्या होत्या आणि त्या पुसायला बंदी होती. अकराव्या पायरीवर लाल एरर यायचीच. मग सर हात मागे बांधून फिरत.

"सोर्समधून बांधा, तरच कळेल. ज्याला इन्स्टॉल जमत नाही, त्याने प्रोग्रामिंगच्या वाटेला जाऊ नये."

तीन तासांच्या प्रॅक्टिकलमधले अडीच तास असे जायचे. आणि अकराव्या पायरीच्या पुढे सर स्वतःही कधी गेले नव्हते. तिथे पोचले की कल्पिताला हाक मारायचे. नाचता येईना अंगण वाकडं!

एकदा गोवंडीहून येणारी प्रियंका त्या एररपुढे रडली. कल्पिता घरी येऊन सरांच्या नावाने बोटं मोडत बसली. तिची आई पुतळाबाई, जन्मभर मासळी विकलेली, कोळंबी सोलत ऐकत होती.

"गो, गिऱ्हाईकाला पापलेट साफ करून, कापून देतो नं आपन? का कोयता हातान देऊन सांगतो, आदी कापाला शिक?"

कल्पिता महिनाभर खपली. सगळी पॅकेजेस तिने आधीच बांधून इंटरनेटवर ठेवली. पोरांनी एक ओळ टाइप करून एंटर मारायचा. चार मिनिटांत चाळीस मशीन तयार.

"मॅडम, एवढंच होतं?" प्रियंका म्हणाली. सरांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

एप्रिलमध्ये कल्पिताचा करार संपला. करार वाढवायचा की नाही हे ठरवणाऱ्या कमिटीपुढे सरच बोलले, "इन्स्टॉल आता एका ओळीत होतं. असिस्टंट हवीच कशाला?" कमिटीने माना डोलावल्या. गरज सरो, वैद्य मरो. कल्पिताला संताप आला, पण त्याहून जास्त किळस आली.

जूनमध्ये भाषेची नवी आवृत्ती आली आणि जुनी पॅकेजेस चालेनात. सरांचा फोन आला.

"कल्पिता, जरा येऊन जा ना. पोरं खोळंबलीत."

"सर, सोर्समधून बांधा. तरच कळेल."

फोन ठेवला खरा, पण पोरांनी तिचं काय घोडं मारलं होतं? तीन दिवस बसून तिने सगळं नव्याने बांधलं आणि नवी ओळ प्रियंकाला पाठवली, सगळ्यांना द्यायला.

"मॅडम, सरांना पण देऊ?"

"दे की गं. अकराव्या पायरीवर बसले असतील बघ."