कावळ्यांनी ठेवलेली ओळख

कावळ्याचं पिल्लू मी छत्रीनं मारलं. ते आमच्या वाळत घातलेल्या पापडांवर बसलं, एवढाच त्याचा गुन्हा. तेव्हापासून सीताबर्डीतले कावळे माझ्या टोपीवर झडप घालू लागले. माझा पराक्रम ज्यांनी पाहिलाच नव्हता, तेसुद्धा. सरकारी तारेनंही बातमी इतकी पसरली नसती.

त्यांना चुकवायला मी लांब अंबाझरी तलावाकडं फिरायला जाऊ लागलो. तिथं एकदा काठावर कुणी अनोळखी शेतकरी बायकोच्या दहाव्याचा पिंड ठेवून बसला होता. नुकत्याच भादरलेल्या डोक्यावरून सारखा हात फिरवी, पागोटं शोधत असल्यासारखा. कावळे बाभळीच्या खालच्या फांदीवर आले होते. मी सहानुभूतीनं जवळ जाऊन उभा राहिलो, तसे ते शेंड्यावर जाऊन कलकलाट करू लागले.

बायकोची काही इच्छा राहिली, असं त्याला वाटलं.

"धाकटीले शाळेत घालतो वं," तो पिंडाला म्हणाला. कलकलाट वाढला. "तुह्या माहेरची गाय नाही इकत." आणखी वाढला. "दुसरी बायको नाही करत वं!" आणि तो रडू लागला.

ओरडा माझ्यावर होता, हे मला केव्हाच कळलं होतं. एका पिल्लाचं दुःख गावभरच्या कावळ्यांना कळलं. मी शेजारच्या माणसाचं कळूनही लाजेनं गप्प होतो. शेवटी त्याला खरं सांगितलं आणि लांब गेलो. कावळे लगेच उतरले.

पिंडाकडं न बघता तो माझ्याकडं आला.

"तुमी आधीच हटले असते, तं मेलेल्या बायकोशी इतकं खोटं बोला लागलं नसतं मले."