कॅप्टनची चूक

सब-लेफ्टनंट रेवा वर्तक ब्रिटिश नौदलाच्या परीक्षेत एकदा नापास झाली होती. सिम्युलेटरवर कॅप्टन झालेल्या परीक्षकाने मुद्दाम चुकीचा हुकूम दिला, जहाज उथळ पाण्याकडे निघालं, आणि दिसत असूनही ती गप्प राहिली. नॉटिंगहॅमच्या घरात मोठ्यांची चूक काढायची नाही, हेच तिच्यावर बिंबवलेलं. आता ही शेवटची संधी होती.

परीक्षेसाठी तिला पोर्ट्समथला सोडायला बाबा निघाले. डॉ. श्रीकांत वर्तक, भूलतज्ज्ञ. ऑक्सफर्डच्या अलीकडे मोटरवे सोडायचा होता, पण ते उजव्या लेनमध्येच राहिले. रेवा सवयीने खिडकीबाहेर बघत बसली. मग त्यांच्याकडे वळली.

"बाबा, लेन चुकलात. डावीकडे घ्या."

"तू जन्मायच्या आधीपासून गाडी चालवतोय मी."

"मागे कुणी नाहीये. घ्या आत्ता."

त्यांनी गाडी डावीकडे घेतली. मग गाल फुगवूनच म्हणाले, "ऑपरेशन थिएटरमध्ये ज्युनियरने चूक दाखवली, तर मी त्याला थँक यू म्हणतो."

"मग म्हणा की!"

"ते हॉस्पिटलात. घरी नाही."

दुसऱ्या दिवशी सिम्युलेटरवर पुन्हा तसाच हुकूम आला.

"सर, पुढे पाणी उथळ आहे. जहाज वळवायला हवं."

"इथे कॅप्टन कोण आहे?" तो गरजला.

"तुम्हीच, सर. पण वळवायला हवं, आत्ताच."

कॅप्टनने जहाज वळवायला सांगितलं आणि कोऱ्या चेहऱ्याने थँक यू म्हटलं. रेवा पास झाली होती. पण त्या थँक यूला उत्तर काय द्यायचं, हे तिला घरी कुणी शिकवलेलं नव्हतं.