आप्पांची तिकिटं आणि माझी फुफ्फुसं

"पल्मोनरी ट्यूबरक्युलोसिस," धाराशिवच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम एक्स-रे उजेडासमोर धरून म्हणाल्या. पल्मोनरी म्हणजे फुफ्फुसांचा. ट्यूबरक्युलोसिस म्हणजे क्षय, म्हणजेच आपला टीबी. सहा महिने रोज गोळ्या, एकही दिवस खाडा नाही. मग त्यांनी विचारलं, "घरात पाच वर्षांखालचं मूल आहे?"

"नाही," मी म्हणालो.

आहे. ओवी, माझ्या दादाची मुलगी, तीन वर्षांची. ती माझ्या ताटात जेवते आणि माझ्या पोटावर बसून टीव्ही बघते.

हे लिहिताना मान खाली जाते, कारण मी पत्रकं लिहिणारा माणूस आहे. बाराखडीसुद्धा मी वडिलांनी छापलेल्या पत्रकांवरून शिकलो. हुंडा, बुवाबाजी, गावचं पाणी, मी कशालाच सोडलेलं नाही. गेल्याच वर्षी येरमाळ्याच्या यात्रेत मी एक पत्रक वाटलं होतं: 'आजार लपवणाऱ्यांनो, तुम्ही समाजाचे गुन्हेगार आहात!!!' पुढे उद्गारचिन्हं तीन होती. त्यातलं तिसरं मी छापायच्या ऐनवेळी वाढवलं होतं.

खोकला तीन आठवडे होता. मला वाटलं, भाषणांमुळे. संध्याकाळी अंग तापायचं, ते व्यवस्थेवरच्या संतापानं. वजन उतरलं तेव्हा तर मला अभिमानच वाटला. वाचकहो, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर क्रांतीला दोष देऊ नका. थुंकी तपासून घ्या.

उपचाराच्या कार्डावर पत्ता लिहायची वेळ आली तेव्हा मी बेंबळीऐवजी मावशीच्या तामलवाडीचा पत्ता दिला. आरोग्य कर्मचारी घरी येऊ नयेत, टपरीवर माझा कप वेगळा ठेवला जाऊ नये, आणि वहिनीनं ओवीला माझ्यापासून ओढून नेऊ नये म्हणून. मला छाती जड होण्याचा त्रास आहे, एवढंच घरी सांगितलं.

गोळ्या रोज कुणाच्या तरी समोर घ्यायच्या असतात. मी निवडले आप्पा, आमच्या गावचे निवृत्त पोस्टमास्तर. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाचं पाकीट फोडलं नाही की कुणाची बातमी बाहेर सांगितली नाही. माझं कार्ड आणि गोळ्या त्यांच्याच कपाटात राहिल्या.

आप्पांकडे टपाल तिकिटांची जाड वही आहे, फक्त औषध आणि आजारांच्या तिकिटांची. त्यांची अट अशी, की आधी गोळ्या, मग एक तिकीट. पहिल्या दिवशी मलेरियाचा डास निघाला. "बघ," आप्पा म्हणाले, "किती देशांनी एकाच डासाचं तिकीट काढलं. सरपंचाचं पण एवढं निघत न्हाय." मग ज्याच्या सालीपासून मलेरियावरचं कोयनेल बनतं ते झाड. मग देवीची लस. पहिली लस गायीपासून आलेल्या फोडातून घेतली, आणि लोकांना भीती वाटली की आपल्याला शिंगं फुटतील.

तिसऱ्या दिवशी माझी लघवी केशरी झाली. मी मृत्युपत्र लिहायला बसलो. मालमत्ता म्हणून पत्रकांचे चार गठ्ठेच निघाले. "रिफाम्पिसिन," मॅडम फोनवर म्हणाल्या. म्हणजे टीबीची एक गोळी, तिच्यामुळे लघवीचा रंग बदलतो, घाबरायचं नाही. हे त्यांनी पहिल्या दिवशीही सांगितलं होतं. तेव्हा मी खोटा पत्ता आठवण्यात गुंतलो होतो.

दुसऱ्या आठवड्यात अंगात जरा जीव आला, तसा मी वहीवर टीका सुरू केली. "आप्पा, या तिकिटांवर सगळे शोध लावणारेच. डबीत थुंकी घेऊन रांगेत उभा राहणारा माणूस कुठंय? हा इतिहास एकतर्फी आहे."

"मागच्या बाजूला असतोय की तो," आप्पा म्हणाले. "थुंकी लावल्याबिगर तिकीट चिकटतंय व्हय? बस गप."

मग त्यांनी एक छोटा तुकडा दाखवला, त्यावर दोन आडव्या रेघांचा लाल क्रूस होता. "ह्यो टीबीचा. ह्याच्यावर पत्र जात न्हाय, नुसता शेजारी चिकटवायचा. डेन्मार्कात एकाच्या डोक्यातून आलं हे. सणाच्या पत्रावर लोकांनी एक जादा तिकीट लावावं, त्या पैशातनं दवाखाना बांधावा. आता सांग, कोण होता तो?"

"डॉक्टर?"

"पोस्टाचा कारकून!" आप्पांनी मांडीवर थाप मारली. "आमच्यातला! आन् दवाखाना कुणासाठी, तर टीबी झालेल्या लेकरांसाठी." मग सहज म्हणाले, "तुमच्या ओवीची तपासणी झाली न्हाय का?"

"होईल," मी म्हणालो. त्या दिवशी मी दुसरं तिकीट मागितलं नाही.

सांगायला हवं होतं. रोज सकाळी ठरवायचो. मग ओवी पोटावर येऊन बसायची, आणि मी तिला खाली उतरवून म्हणायचो, "काकाला काम आहे." ती दाराआडून बघत राहायची.

पुढे जे झालं ते माझ्या हिमतीनं झालेलं नाही. गोळ्या आणायच्या म्हणून आप्पा कार्ड घेऊन आरोग्य केंद्राकडे निघाले, आणि वाटेत त्यांची नजर पत्त्यावर गेली. दुसऱ्याचा मजकूर वाचायचा नाही हा त्यांचा नेम. पण चुकीचा पत्ता पुढं जाऊ द्यायचा नाही, हाही नेमच. त्यांनी तामलवाडीवर लाल शाईनं रेघ मारली आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'बेंबळी. मारुतीच्या देवळामागं. घरात माणसं चार, त्यात लेकरू एक.'

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राच्या आशाताई दारात. "टीबीचा पेशंट इथंच राहतो ना? लहान बाळाला बघायचंय."

वहिनीच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. "कोन? भावजी?"

मी दादाकडे बघितलं. दादा भिंतीकडे बघत होता.

"टीबीला म्या भीत न्हाय, भावजी," वहिनी म्हणाली. "माझ्या आईला व्हता, बरी झाली. पर तुमी म्हाईत असून सांगितलं न्हाय, नुसतं लेकराला लांब सारलं. ती रोज इचारती, काका रुसलाय का? तिला काय सांगू?"

माझ्या पत्रकांत तर प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं.

धाराशिवला ओवीचा एक्स-रे काढला. रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस माझ्या अख्ख्या आजारपणात सगळ्यात लांब होते. मी तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून पहिल्यांदा कशाविरुद्धही घोषणा दिली नाही.

रिपोर्ट चांगला आला. मॅडम म्हणाल्या, "प्रिव्हेंटिव्ह थेरपी द्यायची," म्हणजे आजार होऊ नये म्हणून आधीच औषध. "आणि तुम्ही, लेखक, पुढच्या वेळी मुलं मोजताना बोटं वापरा."

माझ्यासारखंच आपल्याला टीबी असल्याचं ज्यांना कळलंय, त्यांना एवढंच सांगतो. पहिल्याच दिवशी घरी सांगा आणि पत्ता खरा द्या. मी मॅडमचा, आशाताईंचा आणि आप्पांच्या लाल शाईचा ऋणी आहे. टपरीवर माझा कप खरंच वेगळा ठेवला होता. मी त्यावर भाषण केलं नाही. त्याच कपातून रोज चहा पितो आणि टपरीवाल्यालाच त्याच्या खोकल्याबद्दल विचारतो.

तिसऱ्या महिन्यात मला एकदम बरं वाटायला लागलं. नेमकं याच टप्प्यावर लोक गोळ्या सोडतात, आणि मीही म्हणालो, "आप्पा, आज राहू द्या. झालोय बरा."

आप्पा काही बोलायच्या आत, आता रोज माझ्यासोबत तिथंच औषध घेणाऱ्या ओवीनं चमच्यातली पाण्यात विरघळवलेली आपली गोळी गिळली, तोंड वाकडं केलं, आणि माझी हनुवटी धरली.

"काका, आ कर."

मी आ केला.