मी दिलेला हत्ती

संगणकानं सांगितलं म्हणून मी जिंकलेला डाव हरलेला ठरला, आणि खोलीतल्या एकानंही हूं की चूं केलं नाही. इतकी वर्षं झाली, माझा राग उतरलेला नाही. उतरावा असं मला वाटतही नाही.

गुलमंडीमागं एका दुकानाच्या माडीवर आमचा बुद्धिबळाचा क्लब भरायचा. त्या वर्षी राज्य स्पर्धेला पाच जणांचा संघ जायचा होता. चार जागा ठरल्या. पाचव्या जागेसाठी माझे आणि एका बँकेतल्या कॅशियरचे गुण सारखे झाले. ती जागा मला हवीच होती. क्लबच्या संघात तोवर एकही मुलगी गेली नव्हती, आणि पुढच्या महिन्यापासून शेंद्र्याच्या कारखान्यात माझी पाळ्यांची नोकरी सुरू होणार होती. मग कसला संघ आणि कसली स्पर्धा.

क्लबचा रिवाज सरळ होता. गुण सारखे झाले तर दोघांचा आपसातला डाव बघायचा. जो जिंकला तो जाणार. तो डाव मी जिंकला होता. कॅशियर काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता, आणि त्याचा राजा किल्लेकोट करून निवांत बसला होता. मी उंट देऊन त्याच्यापुढचं प्यादं उडवलं, मग एक हत्ती देऊन राजाला उघड्यावर ओढला. आणि मग शह नाही, मारणं नाही, दुसरा हत्ती नुसता बाजूला सरकवला. कॅशियरला सुटका दिसेना. त्यानं हार मानून आपला राजा आडवा केला.

पण त्याच सुमाराला चिटणीसांनी क्लबसाठी संगणक आणला होता. घरात नवा जावई यावा तसे सगळे त्याच्या पुढंपुढं करत. त्यात रोजचं भारनियमन, वीज कधी जाईल नेम नाही. म्हणून एकेका चालीला मशीनला जेमतेम काही क्षण द्यायचे आणि डाव पटापट तपासून मोकळं व्हायचं, अशी पद्धत पडली. माझा डावही तसाच उरकला. कॅशियरनं जिथं हार मानली तिथंसुद्धा मशीन म्हणे, काळ्याची बाजू भक्कम. चिटणीसांनी जाहीर केलं की रिवाज बाजूला राहू द्या, आता डावाचा दर्जा बघायचा. पोरगी हरलेल्या डावात होती, समोरचा घाबरला म्हणून सुटली. जागा कॅशियरला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी समजावून सांगायला गेले की हे मशीन आधी मोहरे मोजतं. उंट गेला, हत्ती गेला, ही वजाबाकी त्याला लगेच कळते. काही चाली पुढं बघून ते थांबतं आणि तिथंच हिशेब मांडतं. राजा मरतो तो त्याच्याही पुढं, आणि तिथवर ते पोचलेलंच नसतं. थोडा जास्त वेळ द्या, कळेल त्याला. चिटणीस हसले, म्हणाले, तेवढ्यात वीज जाईल. कॅशियर शेजारीच होता. स्वतःच्या हातानं राजा आडवा करणारा तो माणूस चहाच्या कपात बघत राहिला. मला सगळ्यात जास्त चीड त्याची आली.

"काळं जिंकतंय ना? मग मशीनलाच काळं खेळू द्या," मी म्हटलं. "उंट देते तिथून सुरू करू. वेळही तेवढाच ठेवा, जेवढा निकाल द्यायला ठेवला होता."

गंमत म्हणून सगळ्यांनी खुर्च्या ओढल्या. मशीननं उंट खाल्ला, हत्ती खाल्ला, कोण किती पुढं हे दाखवणारा पडद्यावरचा आकडा आपल्या बाजूला वाढवून घेतला. मी दुसरा हत्ती सरकवला. आकडा हलला नाही. मशीन खुशाल पटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन माझं एक प्यादं मारून आलं. मग मात्र आकडा घसरायला लागला आणि बघता बघता माझ्या बाजूला आला. मात दिसल्यावर त्या मशीननं काय करावं? ती मात चालभर पुढं ढकलायला मिळेल तो मोहरा माझ्यापुढं टाकत सुटलं, वजीरसुद्धा. शेवटी प्याद्यानं मात बसली.

शहागंजात घड्याळांचं दुकान असलेले एक म्हातारे चाचा रोज क्लबात येत. ते अजून देशी नियमांनीच खेळायचे, आणि त्या खेळात प्याद्यानं केलेली मात सगळ्यात मानाची. ते उठून उभे राहिले. "प्यादामात, बेटी. इससे बड़ी जीत हमारे खेल में नै."

चिटणीस उठले ते संगणक बंद करायला.

"एवढ्याशा वेळात मशीन काय विचार करणार?" ते म्हणाले. "वेळ लई कमी होता. हे काय खरं धरायचं नाय."

"मग माझा निकाल कितीशा वेळात लावला होता?"

"ठरलं ते ठरलं. उगं डोक्यात राख घालून घेऊ नको."

कॅशियर संघाबरोबर गेला. मी कारखान्यात रुजू झाले.

परवा तो डाव मी मोबाइलवर लावून बघितला. आताची मशीनं नुसते मोहरे मोजत नाहीत, राजा किती उघडा पडलाय हेही त्यांना उमगतं. मी भरपूर वेळ दिला. उत्तर आलं, डाव बरोबरीचा. हत्ती सरकवल्यावर काळ्या राजानं कोपऱ्यात एक घर सरकायला हवं होतं. मग मला शहावर शह देत बरोबरीच घ्यावी लागली असती. हल्ला मी समजत होते तेवढा बिनचूक नव्हता. ठीक आहे, मान्य. ती चाल कॅशियरला दिसली नाही, जुन्या मशीनलाही नाही आणि मलाही नाही.

गेल्या महिन्यात एका लग्नात चिटणीस भेटले. थकलेत आता. सुनेशी ओळख करून देताना तिला कौतुकानं म्हणाले, "ही आमच्या क्लबातली. लई भारी हल्ला करायची. पण चुकीचा असायचा, मशीननंच दाखवलं व्हतं."

मशीननं माझ्याबद्दलचं मत दोनदा बदललं. या माणसानं एकदाही नाही.