समोरची गॅलरी

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, आणि मी इंग्लंडमधल्या एका फुटबॉल क्लबासाठी एकाच सोफ्यावर बसून वर्षानुवर्षं ओरडलो. रविवारी सकाळी चहाबरोबर अमेरिकेतली लीगही बघितली. कोल्हापुरात मात्र आम्ही एकही सामना शेजारी बसून पाहिला नाही.

आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचे, तालमी पेठांच्या, आणि पेठ जन्मानं मिळते. दाजींची पेठ वेगळी. त्यामुळं स्टेडियमवर ते समोरच्या गॅलरीत, मी इकडं. दोन्ही तालमी अंतिम सामन्यात आल्या, की त्या आठवड्यात ते आमच्या घरी जेवत नसत. जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याकडं जिलेबी धाडायची आणि हरणाऱ्यानं ती न खाता शेजारी वाटायची, अशी आमची रीत.

परदेशी क्लबांना पेठ नसते, म्हणून ते सोयीचे. युरोपात मोठ्या सामन्याआधी गाणं लागतं आणि खेळाडू आरतीला उभं राहिल्यासारखे उभे राहतात. अमेरिकेत आतषबाजी होते, आणि एखादा मालक अख्खा क्लबच उचलून दुसऱ्या शहरात नेतो. हे ऐकून दाजींनी बशी खाली ठेवली होती.

"पेठ काय ट्रकात घालून नेत्यात व्हय? आन् माणसं गप बसत्यात?"

आमचं एकच भांडण कधी मिटलं नाही. फार पूर्वी एका फायनलमध्ये गोलाजवळ त्यांच्या बचावपटूच्या हाताला चेंडू लागला. आमच्या गॅलरीनं तो धडधडीत पाहिला, पंचांनी नाही. आम्ही हरलो. दाजींचं म्हणणं, "छातीला लागलाता. तुमच्या पेठेला डोळं न्हाईत." प्रत्येक दिवाळीत फराळाबरोबर हे व्हायचंच.

निवृत्तीनंतर दाजी आणि बहीण लेकीकडं अमेरिकेला गेले, थोड्या दिवसांसाठी. तिथं हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टर इतक्या लांबच्या प्रवासाला नको म्हणाले, आणि परत येणं राहिलं ते राहिलंच. लेकीनं त्यांना तिथल्या स्टेडियमवर नेलं. फोनवर म्हणाले, "खुर्ची झ्याक हाय, पावणं. पण समोर कोण आपलं न्हाय. शिवी द्यायची कुणाला?"

यंदा फायनल पुन्हा आमच्या दोन पेठांची लागली. सकाळी दाजींचा फोन आला. "मला दाखवशीला का? आता तिथं यायचं न्हाय जमणार." एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट.

म्हणून दुपारी मी आमच्या गॅलरीत बसून फोन मैदानाकडं धरला. तिकडं पहाट होती. आधी पाहुण्यांचे सत्कार झाले. फेटे बांधून झाले, भाषणं झाली. उन्हात उभे असलेले खेळाडू सोडून सगळ्यांचे आभार मानले गेले.

"आमच्यात बरं हाय," दाजी म्हणाले. "निस्ती आतषबाजी."

'आमच्यात' हा शब्द मला लागला.

उत्तरार्धात त्याच गोलाजवळ त्यांच्या बचावपटूच्या हाताला चेंडू लागला. त्याचं तोंड आमच्या बाजूला होतं. पलीकडून त्याची फक्त पाठ दिसत असणार. आमची गॅलरी उसळली, समोरची शांत. पंचांनी खेळ चालू ठेवला.

मी फोन त्या बचावपटूवर रोखून धरला.

"हाताला लागला की," दाजी म्हणाले.

"व्हय."

"तुमच्याकडनं असं दिसतंय व्हय." मग, "त्या वर्षीचा पण…"

"राहू द्या दाजी. मोबाईलात काय नीट दिसतंय?"

"न्हाय, दिसलं." "एकदा तरी शेजारी बसायला पायजे हुतं, पावणं. तुम्ही आमच्याकडं, न्हायतर आमी तुमच्याकडं."

समोरच्या गॅलरीत ते जिथं बसायचे, तिथं एक छत्री उघडी होती. लंडनच्या क्लबासाठी आम्हाला एक सोफा पुरला. इथं मधलं मैदान ओलांडायला कुणी अडवलं नव्हतं, आणि आमच्यापैकी कुणी विचारलंही नव्हतं.

सामना आम्ही जिंकलो. जिलेबी घेतली नाही. बहिणीच्या घराला कुलूप आहे.